क्रियापदाशिवाय

अकरावी कला, दुपारचा चौथा तास.
बारा पोरं, एक ट्यूबलाइट, तीही लाइनच्या मर्जीवर.
खिडकीबाहेर बोडी, काठावर धिवरांची जाळी.
फळ्यावर माझ्या अक्षरात: व्हर्बलेस क्लॉज.

इफ पॉसिबल.
व्हेन इन डाउट.
कर्ता पडद्याआड, क्रियापद रजेवर,
तरी उपवाक्य म्हणे पूर्ण.
असं मी सांगितलं, आणि सांगताना
माझ्या प्रत्येक वाक्याला क्रियापद लावलं,
सवयीनं, शर्टाच्या वरच्या गुंडीसारखं.

म्हणालो, इंग्रजीत ही चैन आहे,
पण मुख्य वाक्याच्या खांद्यावर बसून,
मंडईत पोर बापाच्या बसतं तसं.
एकट्यानं खाली उतरायचं नाही.

मागच्या बाकावरून डिलेश्वरी नान्हे:
"आमी तं दिवसभर असंच बोलतो, सर.
माय बोडीवर. भात चुलीवर. बकरी बांधीत.
यात कोनतं क्रियापद?"

वर्ग हसला. मीही.
मग 'आहे'बद्दल बोललो.
लिहिलेला नसतो, पण असतो,
व्याकरणात त्याला अध्याहृत म्हणतात,
हजेरी घेताना गैरहजर पोराच्या नावाला
शेजारचाच 'येस सर' म्हणतो, साधारण तसं.
घंटा झाली. घरी करायला दिलं:
घरच्यांवर पाच वाक्यं, इंग्रजीत,
एकदा क्रियापदाशिवाय, एकदा क्रियापदासकट.

सोमवारी वह्या.
तिच्या वहीला कृषी केंद्राच्या कॅलेंडरचं कव्हर,
मागच्या वर्षीचा ऑगस्ट, उलटा.
मदर अ‍ॅट द पाँड. पुढे, मदर इज अ‍ॅट द पाँड. बरोबर.
राइस ऑन द फायर. बरोबर.
गोट इन द पॅडी. बरोबर, बकरीचं काही खरं नाही.
चौथं: ब्रदर ऑन द बोअरवेल ट्रक.
पुढे काहीच नाही.

कागद तिथे खोडून खोडून पातळ झालेला.
उजेडाला धरला तेव्हा
एकाच जागी दोन शब्द दिसले,
वर 'इज', त्याच्या खाली 'वॉज',
की उलट, ते कळेना.

हंसराज. याच वर्गात, खिडकीजवळ बसायचा,
तास सोडून बोडीकडे बघायचा.
दोन वर्षांमागं तामिळनाडूच्या नंबरची गाडी
लाखांदूर रस्त्याला थांबली होती,
पाणी लागेपर्यंत तिच्याभोवती घुटमळला
आणि पाणी लागल्यावर तिच्यावरच बसून गेला.
कोणी म्हणे बस्तर, कोणी म्हणे कर्नूल.
आधी फोनमधली बाई म्हणायची, कव्हरेज क्षेत्राबाहेर.
तेवढ्यावर घर निभत होतं.
मग एका सकाळी तिनं पूर्ण वाक्य बोललं:
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
त्यानंतर त्या घरातून
कोणी तो नंबर लावला नाही.

नियमानं इथे अर्धा गुण कापायचा.
वीस वर्षं मीच वाचून दाखवतोय ती ओळ:
अशा उपवाक्याला स्वतःचा काळ नसतो,
तो मुख्य वाक्याकडून घ्यावा लागतो.
मुख्य वाक्य कुठल्या जिल्ह्यात
खडकात पाईप उतरवतंय, कोणाला ठाऊक.
लाल पेन बराच वेळ टोपणाशिवाय,
टेबलावर, माझ्या हाताजवळ.

शेवटी खूण केली. बरोबर.
केंद्रप्रमुखांनी वही मागितली तर
सांगेन, नजरचूक.

पाचवं तिनं पटकन लिहिलेलं दिसत होतं:
डोअर ओपन.
पुढे, द डोअर इज ओपन.
यातलं 'ओपन' विशेषण की क्रियापद,
दार उघडं, की दार उघड,
हे तिला मंगळवारी विचारणार होतो.

मंगळवारी अर्धा वर्ग धानकापणीला.
तिसऱ्या बाकावर तिची पाण्याची बाटली.
विचारायचं राहिलं.